पाच लाखांचं कार्ड अन् सहा क्विंटल कापूस



२ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं अमरावती होतं. अकोल्याचा नंबर पुढच्या वर्षी लागला. बातमी मी लिहिली होती, अन् आनंदानं लिहिली होती. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. २०२४ च्या जुलैपासून दीड लाखाचे पाच लाख झाले, रेशनकार्डाच्या रंगाची अटही गेली. चांगलंच झालं. यात राजकारण शोधणाऱ्यांनी खाली भांडू नये.

आता घरची गोष्ट. माझे मामा दर्यापूर तालुक्यातले, पाच एकर कोरडवाहू. २०२४ च्या दिवाळीनंतर छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी योजनेत झाली, तिचा एक रुपया लागला नाही. पण योजनेत घेण्याआधी 'नेमकं काय झालं' हे ठरवायच्या तपासण्या? त्या खिशातून. गाडीभाडं, मामीचं आठ दिवसांचं राहणं-खाणं, तेही खिशातून. सगळे मिळून चाळीस हजार.

ते आले कुठून? घरातला सहा क्विंटल कापूस खेडा खरेदीवाल्याला ६८०० नं दिला. हमीभाव होता ७५२१. सीसीआयच्या रांगेत थांबायला वेळ कोणाला होता? चार हजार तीनशेवर तिथंच पाणी सोडलं. हा तोटा आरोग्य खात्याच्या कोणत्या रकान्यात भरणार?

मामी मला म्हणे, "काऊन रे बाप्पा, कार्ड तं फुकटाचं हाये ना? मंग कापूस काऊन गेला?" पत्रकारितेचा डिप्लोमा आहे माझ्याकडे, पण उत्तर नव्हतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, औषध मोफत आहे. कागदावर. मशीन असतं तर चालवणारा नसतो, दोन्ही असले तर गोळी संपलेली. माणूस आडवा पडला की सरकार पाच लाख घेऊन उभं. तो आडवा पडू नये म्हणून लागणाऱ्या इको-रक्ततपासणीला अन् महिन्याच्या गोळ्यांना मात्र कोणी वाली नाही. उद्या दहा लाख केले तरी मामांना काय फरक पडणार?

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरवाल्यांनो, आमदार भेटले की कार्डाचं विचारू नका. तालुक्याच्या दवाखान्यात हृदयाची तपासणी कोणत्या वारी होते अन् गोळ्या किती दिवसांच्या शिल्लक आहेत, ते विचारा. तारीख घेऊनच उठा.

मामांना बीपीची गोळी गावाजवळ मिळते. रक्त पातळ करायची विकत घ्यावी लागते. परवा डबी पाहिली, तर महिन्याच्या पाकिटात दोन महिने काढून राह्यले. एक दिवसाआड घेतात म्हणे.