पऱ्हाटी आणि धुराडे

कापसाची शेवटची वेचणी उरकली, की विदर्भातला शेतकरी पऱ्हाट्या उपटतो, चुलीपुरत्या घरी नेतो आणि उरलेल्या पेटवून देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उभी पऱ्हाटी म्हणजे गुलाबी बोंडअळीला आयता आसरा, आणि तिला बांधावर येऊन भाव देणारा कोणी नाही. याच विदर्भात चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशाच्या विजेत युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शेतातल्या कचऱ्याने धुराड्यातला हा वायू पकडता येईल, असे संशोधक सांगतात. ते खरे आहे, पण अर्धेच.

पऱ्हाटी, नारळाची करवंटी किंवा उसाचे चिपाड हवा लागू न देता तापवले, की कोळसा उरतो. त्यावर आठ-नऊशे अंशांना वाफ सोडली, की त्याला अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. मग एका ग्रॅमच्या आतल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्याही पुढे जाऊ शकते. नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांत कार्बन डायऑक्साइडचे रेणू चिकटून बसतात. रासायनिक बंध जुळत नसल्याने दाब उतरवून किंवा थोडी ऊब देऊन ते सोडवता येतात. वायू पकडणारे प्रचलित अमाइन द्रावण मात्र तो सोडवण्यासाठी सुमारे १२० अंशांपर्यंत तापवावे लागते आणि केंद्राची बरीच वाफ त्यातच जाते.

मग अडते कुठे? प्रयोगशाळेतले दिपवणारे आकडे बहुधा शुद्ध, कोरड्या वायूवरचे असतात. धुराड्यातल्या धुरात हा वायू जेमतेम १२ ते १५ टक्के. बाकी मुख्यतः नायट्रोजन, शिवाय तीच छिद्रे बळकावणारे बाष्प. शुद्ध वायूत किलोमागे दीडशे-दोनशे ग्रॅम धरणारा कोळसा इथे पन्नासेक ग्रॅमवर येतो. आणि ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासाला सुमारे ५०० टन वायू सोडतो! पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून छिद्रे वाढवता येतात, पण ते अनेकदा कोळशाच्या दुप्पट-चौपट लागते. त्यापेक्षा वाफेचाच मार्ग बरा.

त्याहून मोठा प्रश्न पुढचा आहे. हा कोळसा म्हणजे गाळणी, गोदाम नव्हे. विंध्याचलच्या केंद्रात एनटीपीसीने वायू पकडून मिथेनॉल बनवण्याचा प्रयोग केला. पण मिथेनॉल जाळले, की वायू पुन्हा हवेत. आइसलँडमध्ये पाण्यात विरघळवून बेसाल्टात सोडलेल्या वायूचा बहुतांश भाग दोन वर्षांत दगड झाला. आपण तर बेसाल्टच्याच पठारावर राहतो. दख्खनच्या खडकाची तशी कसोटी लागल्याशिवाय पकडलेल्या वायूला पत्ता मिळणार नाही.

राज्य सरकारने दोन गोष्टी कराव्यात. चंद्रपूरच्या एका संचावर, खऱ्या ओल्या धुरात, पऱ्हाटीच्या कोळशाची वर्षभर चाचणी घेऊन तिचे आकडे जाहीर करावेत. आणि पऱ्हाटीला बांधावरच दर द्यावा. तोवर हाच कोळसा वाफेविना, साधा भाजून जमिनीत मिसळला, तरी त्यातला बराच कार्बन शेकडो वर्षे तिथेच राहतो. त्यासाठी चंद्रपूरच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.