पूल हवाच, पण सही कोणाची?

हुडकेश्वरच्या चहाटपरीवर भामरागडचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘हे लोकं बाहेर काऊन नाही पडत?’

पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती मिळतात तिथलं हे गाव. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की जगाशी संपर्क तुटतो. पेशंट अडकतात, बाळंतिणी अडकतात. तेव्हा पूल हवा, रस्ता हवा, दवाखान्यात डॉक्टर हवा. यात वाद नाहीच.

वाद पुढे आहे. त्या रस्त्याने काय बाहेर जाणार, हे कोण ठरवणार? गडचिरोलीचा बांबू कित्येक दशकं बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला. आता एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडहून लोहखनिजाचे ट्रक निघतात. माल निघाला म्हणजे गावाचं भलं झालं, असं समजायचं का?

याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने वेगळं करून दाखवलं. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गाव तेच, बांबू तोच. सही फक्त गावाची झाली.

म्हणून माडिया पोरांना ‘शहरात या’ हा फुकटचा सल्ला पुरे. यायचं की राहायचं, ते ठरवतील. त्यांच्यासाठी बोलायचंच असेल, तर पुलासोबत ग्रामसभेची सहीही मागा. तिच्याविना पूल म्हणजे जंगल उपसायची सोय.