सिएटलचा घोडा

‘ब्रदर ईगल, सिस्टर स्काय’ हे मुलांचे चित्रपुस्तक अमेरिकेत १९९१ साली निघाले आणि हातोहात खपले. सुझन जेफर्स यांची चित्रे देखणी आहेत, त्याबद्दल वाद नाही. मजकूर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा सरदार सिएटल याच्या नावावरचा. तेच ते ‘पत्र’, जे आपल्याकडेही पर्यावरणाच्या सभांतून भक्तिभावाने वाचले जाते. तो मजकूर टेड पेरी या पटकथालेखकाने १९७२च्या एका चित्रपटासाठी लिहिला होता, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकले आहे. पण शब्द बाजूला ठेवू. चित्रे पाहू.

चित्रांत घोडे आहेत. पिसांची शिरोभूषणे आहेत. सगळा थाट उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या मैदानांतल्या जमातींचा. सिएटल मात्र प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीकाठचा, खाऱ्या पाण्याचा माणूस. त्याची माणसे सीडर वृक्षाच्या खोडातून कोरलेल्या होड्यांनी फिरत. सामन मासा वाळवत, शिंपले वेचत. सीडरच्याच फळ्यांच्या लांबलचक घरांत अनेक कुटुंबे एकत्र नांदत. खुद्द सिएटल राहिला ते घर शेकडो फूट लांब होते. सरकारी माणसांनी ते १८७०च्या सुमारास जाळले. वेसाव्याच्या कोळ्याला राजस्थानी फेटा बांधून उंटावर बसवावे आणि खाली ‘मुंबईचा मूळ रहिवासी’ असे छापावे, त्यातलाच हा प्रकार.

हे अज्ञान म्हणावे, तर फार सोयीचे अज्ञान आहे. सिनेमाने गिऱ्हाइकाच्या डोक्यात एकच ‘इंडियन’ बसवला आहे, आणि तो घोड्यावर आहे. मासे वाळवणारी बाई गिऱ्हाइकाला ‘इंडियन’ वाटत नाही. मग ती मुलांच्या पुस्तकात कशी येणार? शेवटच्या चित्रात तर एक गोरे कुटुंब रोपे लावते आणि मूलनिवासी मागे धूसर सावल्या होऊन उभे राहतात. निसर्ग वाचवायचा तो गोऱ्यांनी. यांनी फक्त आशीर्वाद द्यायचा, तोही मेल्यावर.

मेले मात्र कोणी नव्हते. सिएटलचे सुक्वामिश लोक आजही सिएटल शहरासमोर, खाडीपलीकडे राहतात. त्याची कबरही तिथेच आहे. आपली होडी कशी, घर कसे, कपडे कसले, हे दाखवणारे स्वतःचे संग्रहालय त्यांनी १९८३ सालीच उघडले होते. पुस्तक निघाले त्याच्या आठ वर्षे आधी.