आरोग्याच्या गप्पा : आवाज कुणाचा?



मथळा वाचून कुणाला पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांतली आरोळी आठवली असेल, तर हरकत नाही. पण आजचा विषय वेगळा आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यातल्या एका भगिनीने आम्हाला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "यावर लिहा ना कधीतरी. नाव मात्र नको."

मुलगा विशीतला. युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला शेजारच्या खोलीतून आपल्याबद्दलचं बोलणं ऐकू येऊ लागलं. खोली रिकामी होती. ओळखीच्या सगळ्यांनी "अभ्यासाचं टेन्शन" म्हणून विषय संपवला. आम्हीही तेच म्हटलं होतं, कबूल करतो. आजीने भारतातून अंगारा पाठवला. यात वर्ष गेलं आणि मग निदान झालं : स्किझोफ्रेनिया. तेव्हापासून त्या माउलीचा एकच प्रश्न. आमचं कुठे चुकलं? दोघंही नोकरीला जात होतो म्हणून? देश सोडला म्हणून?

आम्ही डॉक्टर नव्हे, वाचून सांगणारे. तेव्हा जे वाचलं ते सांगतो.

गॅस बंद केला, की बंद करायचं नुसतं मनात आलं? अर्ध्या वाटेवरून गाडी परत फिरवणारे आपल्यात कमी नाहीत. घडलेलं कोणतं आणि मनातलं कोणतं, हे वेगळं ठेवायचं काम मेंदू दिवसभर करत असतो. आपण सगळेच मनातल्या मनात बोलतो, पण तो आवाज आपलाच, ही खूण त्याला लागलेली असते. ती खूण पुसली गेली तर? आपलंच बोलणं परक्याचं वाटेल. १९९३ साली लंडनच्या संशोधकांनी १२ पुरुष रुग्णांना आवाज ऐकू येत असतानाच त्यांचा मेंदू तपासला. तेव्हा मेंदूतल्या ब्रोका नावाच्या भागातला रक्तप्रवाह वाढलेला दिसला. हा भाग ऐकण्याचा नव्हे, बोलण्याचा!

पुढचा धागा केंब्रिजचा. मेंदूच्या पुढच्या भागात, दोन्ही अर्धगोलांच्या आतल्या बाजूला पॅरासिंग्युलेट सल्कस नावाची एक खाच असते. निऱ्यांसारखी समजा : कुणाची लांब, कुणाची आखूड, कुणाची जवळजवळ नाहीच. गर्भात मेंदूच्या घड्या पडतात, त्यांत ही अगदी शेवटी, जन्माच्या थोडी आधी पडते. २०११ साली ५३ निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. शब्द प्रत्यक्ष पाहिला होता की मनात आणला होता, हे त्यांना नंतर आठवायचं होतं. ज्यांना दोन्ही बाजूंना ही खाच नव्हती, ते यात मागे पडले. शिवाय आपलं उत्तर कितपत बरोबर आहे, याचा त्यांचा अंदाजही कच्चा निघाला. ही सगळी धडधाकट माणसं होती, हे विसरू नका.

मग २०१५ मध्ये जेन गॅरिसन, जॉन सायमन्स आणि सहकाऱ्यांनी ११३ रुग्ण आणि ४० निरोगी माणसं अशा १५३ जणांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. रुग्णांमध्ये भास होणारे आणि न होणारे, असे दोन्ही होते. खाच १ सेंटीमीटरने आखूड, तर भास होण्याची शक्यता १९.९ टक्क्यांनी जास्त, असा हिशेब निघाला. भास कानांचा असो, डोळ्यांचा असो, फरक पडला नाही.

आता लगेच जी.पी.कडे जाऊन "आमच्या बाळ्याची खाच मोजा" म्हणू नका! खाच आखूड असूनही आयुष्यभर काही न होणारे पुष्कळ, आणि अशा प्रतिमेवरून कुणाचं निदान करता येत नाही. आंघोळ करताना कुणी हाक मारल्यासारखं वाटलं, तर तोही आजार नव्हे.

पण जन्माआधी पडलेली ही घडी कुणाच्या नोकरीने बदलत नाही, की कुणाच्या रागावण्याने. त्या भगिनीला आम्ही हेच सांगितलं. देश सोडण्याबद्दल मात्र खोटा दिलासा दिला नाही. परदेशातून ब्रिटनला आलेल्या कुटुंबांत हा आजार काहीसा अधिक आढळतो, असं इथल्या पाहण्यांतून दिसलेलं आहे. पण ते एका घराचं गणित नव्हे, आणि त्यात आईचा गुन्हा तर नाहीच.

आवाज काय बोलतो, हेही सगळीकडे सारखं नाही. टान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह कॅलिफोर्निया, घाना आणि चेन्नई इथे प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून पाहिलं. अमेरिकेतल्यांचे आवाज बरेचदा मारहाणीचे, हिंसेचे. चेन्नईत निम्म्याहून अधिक जणांना नातेवाइकांचेच आवाज येत, आणि त्यांतले कित्येक घरची कामं सांगत. आपल्या मुलाच्या आवाजांची भाषा कोणती, हे त्या भगिनीने कधी विचारलंच नव्हतं. विचारलं. एक आवाज मराठी निघाला.

लपवालपवीबद्दल एक नाव सांगितलंच पाहिजे. प्रा. जगन्नाथ वाणी आपल्यासारखेच परदेशी, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे. पत्नीचा हा आजार त्यांनी दडवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन त्यांनीच उभी केली आणि २००४ च्या 'देवराई' चित्रपटामागेही तेच होते. त्यात अतुल कुलकर्णी आहेत. मिळाला तर घरातल्या मोठ्या मुलांबरोबर बघा.

राहता राहिलं उपायाचं. अशी चिन्हं दिसली तर थांबू नका, जी.पी.कडे जा. पहिल्यांदाच असा त्रास होणाऱ्यांसाठी एन.एच.एस.ची वेगळी तज्ज्ञ पथकं असतात, त्यांच्याकडे पाठवा असं स्पष्ट म्हणा. इंग्लंडमध्ये तातडीच्या वेळी १११ फिरवून २ दाबलं की मानसिक आरोग्याची मदत मिळते. अंगारा लावायचा तर लावा, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

मुलगा आता आठवड्यातून तीन दिवस कामाला जातो. आवाज अजून येतात, पण कमी. यंदा गणपतीला हॉलवर खुर्च्या मांडायला येईन म्हणालाय. आईची विनंती एवढीच, की त्याच्या पाठीमागे कुजबुजू नका. जे विचारायचं ते त्यालाच विचारा.