फुटपाथ कुणाचा आणि किल्ली कुणाकडे?

जुम्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, नाहीतर लग्नाच्या मांडवात पंगतीची वाट बघताना रस्त्यावर राहणाऱ्यांचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, "हातपाय धड आहेत, मग काम का करत नाहीत?" आणि दुसरं, "फुटपाथ काय यांच्या बापाचा आहे?" पहिल्यात बेघर होण्याचं कारण सांगून टाकलेलं असतं, दुसऱ्यात हक्काची मर्यादा. प्रश्न दोन्ही रास्त आहेत. त्यांची बरीचशी उत्तरं आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात चाळीस वर्षांपूर्वी मिळालेली आहेत. आणि हा खटला ज्या हुकमामुळे उभा राहिला, तो देणारे मुख्यमंत्री होते आपल्या रायगडचे बॅरिस्टर अ. र. अंतुले.

१३ जुलै १९८१. भर पावसाळा. मुंबईच्या फुटपाथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या गावी धाडण्याची घोषणा अंतुले यांनी केली. प्रकरण कोर्टात गेलं. अर्जदारांत पत्रकार ओल्गा टेलिस होत्या, तसेच खुद्द फुटपाथवर राहणारेही होते. त्यातल्या दोघांची हकिगत निकालपत्रातच नोंदलेली आहे.

एक तामिळनाडूतल्या सेलमचा. गावात भूमिहीन मजूर, दुष्काळात काम गेलं म्हणून १९६१ साली मुंबईला आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत रोज २३ रुपयांवर लागला. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या कडेला प्लॅस्टिक आणि ताडपत्रीचा आडोसा मिळावा म्हणून झोपडपट्टी दादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. त्यात तो, बायको आणि तीन मुली राहायचे. दुसरा आपल्या संगमनेरचा. चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावातलं घर पडलं, म्हणून १९६९ साली मुंबई गाठली. बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांची नोकरी लागली. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा हवी, तर तिथल्या गुंडाला ३०० रुपये द्यावे लागले. बांबू आणि प्लॅस्टिकचा खर्च ७०० रुपये वेगळा.

आता सांगा, यात काम न करणारा कोण? दोघेही कामावर होते. दोघांनीही जागेचे पैसे मोजले होते, फक्त पावती मिळाली नव्हती. आणि दोघांची गाथा मुंबईत सुरू झालेली नाही. एकाची दुष्काळात, दुसऱ्याची पडलेल्या भिंतीखाली झाली.

२३ जुलै १९८१ ला सेलमवाल्याची झोपडी पाडली आणि कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली गावी राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात मुंबईला परतला आणि पुन्हा फुटपाथवरच्या एका झोपडीत शिरला. संगमनेरवाल्याची झोपडी तर जानेवारी १९८० मध्येच पाडली होती, ती त्याने परत उभारली. हा लपंडाव कोर्टाच्याही नजरेतून सुटला नाही. माणूस जिथे मजुरी मिळते तिथेच पाठ टेकणार. शहरी निवारागृहांबद्दल "सोय केली तरी हे लोक जात नाहीत" अशी तक्रार होते, तिचंही अर्धं उत्तर इथे आहे. पहाटे भाजी मंडईत हमाली करणाऱ्याला दहा किलोमीटरवरचा निवारा काय कामाचा? आणि जिथे पुरुष एका इमारतीत नि बायका-मुलं दुसरीकडे ठेवतात, तिथे नवरा-बायको एकत्र कसे राहणार? शहराच्या दर एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा, असं सरकारी प्रमाण आहे. आपल्या शहरात तो कुठे आहे, हे किती जणांना माहीत आहे?

निकाल लागला १० जुलै १९८५ रोजी. पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाचं निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलं. दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले. त्यात म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण पोट भरण्याचं साधन काढून घेतलं तर जगणं उरतच नाही. याच वाक्यासाठी हा खटला कॉलेजात शिकवतात. पण त्याच निकालाची दुसरी बाजू अशी की फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतो, त्यावर घर बांधण्याचा हक्क कुणालाही नाही आणि महापालिका तो मोकळा करू शकते. मात्र आधी नोटीस द्यायची, म्हणणं ऐकायचं. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायची. आणि पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उजाडेपर्यंत कुणाला हलवायचं नाही.

मला ही मर्यादा मान्य आहे. फुटपाथ अडला की दिसायला अधू असलेला म्हातारा आणि दप्तर पाठीवर घेतलेली पोर बसच्या चाकांसमोर उतरतात. त्यांचाही जीवच असतो. माझी तक्रार वेगळी आहे. बेघरांचा विषय निघाला की हक्काची मर्यादा नेहमी त्याच्याच हक्काला लावायची, ज्याच्याकडे छप्पर नाही. ज्याच्या हातात किल्ली आहे, त्याच्या हक्काची मर्यादा कोण विचारतो?

आधी कारणाचं बघू. रात्रीची शेवटची एसटी. बसायला जागा चाळीस, थांब्यावर माणसं साठ. मागे कोण राहणार? म्हातारा, लंगडा, कडेवर मूल असलेली बाई, एखादा झिंगलेलाही. आपण म्हणतो, हा दारूमुळे राहिला, ही हळू चालते म्हणून राहिली. ते खरं आहे. पण वीस जण मागे राहणार हे गाडीतल्या जागांनी आधीच ठरवलं होतं. साठही जण निर्व्यसनी आणि चपळ असते, तरी वीसच राहिले असते. व्यसन, आजारपण, भांडण यांनी फुटपाथवर कोण जाईल ते ठरतं. किती जातील, ते शहरातली घरं आणि त्यांची भाडी ठरवतात.

आणि मुंबईत घरं नाहीत असंही नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांहून जास्त बेघर मोजले गेले. त्याच जनगणनेत मुंबईत रिकामी घरं निघाली सुमारे ४ लाख ८० हजार. म्हणजे एका बेघर माणसामागे आठ कुलूपबंद घरं. ती सगळी राहण्याजोगी नसतील, आणि हमालाला त्यांचं भाडं परवडणारही नाही, हे कबूल. घरमालकाची भीतीही खोटी नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरू निघेना, मालक डागडुजी करीना, आणि भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणं हा धंदाच बंद पडला. आपल्यातल्याही कित्येक जुन्या घराण्यांच्या इमारती अशाच खचल्या. पण १९९९ च्या नव्या कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळवण्याची जलद सोय आहे. तरी कुलूप तसंच राहतं, कारण घर आता राहण्यासाठी घेतलेलं नसतं, भाव वाढण्यासाठी घेतलेलं असतं.

किल्लीचा दुसरा अनुभव आपल्या वाचकांना सांगायला नको. फोनवर घर रिकामं असतं, नाव सांगितलं की "आत्ताच गेलं हो" होतं. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००५ साली सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारी उपविधी वैध ठरवली. चार जणांना आपल्या पसंतीने एकत्र राहण्याचा हक्क आहे, हे तत्त्व ऐकायला गोड वाटतं. पण प्रत्येक सोसायटीने तेच केलं, तर उरलेल्यांनी जायचं कुठे? आपल्याच मोहल्ल्यात एकट्या बाईला किंवा बाहेरगावच्या मजुराला खोली नाकारली जाते, तेव्हाही हाच प्रश्न लागू होतो.

पण मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते आपल्या घरातल्या किल्लीबद्दल. बाई बेघर होते ती क्वचितच थेट फुटपाथवर जाते. आधी ती माहेरी येते, मग बहिणीकडे, मग मावशीकडे, आणि एक दिवस सगळ्यांचे पाहुणचार संपतात. शरियतने मुलीला मुलाच्या निम्मा आणि मुलंबाळं असलेल्या विधवेला एक अष्टमांश हिस्सा नेमून दिला आहे. तरी बाप गेल्यावर चाळिसाव्याआधीच तलाठ्याकडची कागदं फिरू लागतात. "माहेरचा दरवाजा उघडा राहावा" म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर अंगठा देतात. पुढे त्यांच्यापैकी एखादी तलाक होऊन, दोन मुलं घेऊन परत येते, तेव्हा तोच दरवाजा अर्धाच उघडतो. भावजय म्हणते, घर आमचं आहे. कागदावर ती खरंच बोलत असते.

सासरच्या घराबाबत कायदा थोडा पुढे गेला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, घर तिच्या नावावर असो वा नसो, बाईला ज्या घरात संसार केला तिथे राहण्याचा हक्क आहे. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तो हक्क आपोआप बुडत नाही, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या हक्काशी त्याचा मेळ कोर्टाला घालावा लागतो. पण कोर्टाच्या आदेशाशिवाय तिचं सामान बाहेर फेकता येत नाही, एवढं प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

आणि म्हातारे? अब्बा हयातीतच घर मुलाच्या नावे हिबा करून टाकतात, विश्वासावर. नंतर खोली जाते, मग खाट ओसरीवर येते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ याचसाठी आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर तो दस्त रद्द होऊ शकतो. मात्र ती अट होती हे सिद्ध करावं लागतं. तेव्हा जे कोणी अशा विचारात असतील त्यांनी तोंडी विश्वासावर न राहता वकिलाला विचारून सांभाळाची अट दस्तातच लिहून घ्यावी. ज्यांच्यावर वेळ आलीच आहे, त्यांनी प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा. अर्ज स्वतः लिहिता येत नसेल, तर दुसऱ्या कुणाकडूनही देता येतो.