पद्मिनीचं तोंड, काळीपिवळीची पायरी

या आठवड्यात भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याच्या स्टँडवर ज्याच्या त्याच्या फोनवर एकच चित्र होतं. मुंबईची जुनी पद्मिनी टॅक्सी, पण विजेवर चालणारी. गोल दिवे तेच, क्रोमची जाळी तीच, खाली काळा रंग आणि वर पिवळं छत. आत मोठा पडदा. कुणीतरी संगणकावर हौसेनं काढलेली गाडी. पोरांना ती फार आवडली. मला राग आला. गाडी चहूबाजूंनी दाखवली होती, पण दार एकाही चित्रात उघडं नव्हतं.

गाडीची पायरी सहज चढता आली पाहिजे, हा माझा हेका आहे. तो मी सोडणार नाही. टॅक्सी ही आधी चढण्या-उतरण्याची वस्तू आहे, बघण्याची नंतर.

पद्मिनीवर लोकांचं प्रेम आहे ते योग्यच आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली, मूळ फियाट 1100 ची ही गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईच्या रस्त्यावरून गेली. मागची ऐसपैस सीट, स्टिअरिंगलगतचा गिअर, छतावर ट्रंका बांधायला कॅरियर, आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीलाही उघडता येईल असं इंजिन. तिची आठवण निघते ती या सोयींमुळे. चित्रकारानं मात्र तिचं तोंड तेवढं उचललं.

मुंबईत असं एकदा होऊन गेलं आहे. उच्च न्यायालयानं 2015 मध्ये घोड्यांच्या व्हिक्टोरिया बंद करायला सांगितल्या आणि मार्च 2021 मध्ये त्याच रूपाच्या विजेच्या बग्ग्या दक्षिण मुंबईत आल्या. घोड्यांचे हाल थांबले, याचा मला मनापासून आनंद आहे. ती फिरायची गाडी होती, तिथे रूप सांभाळणं हेच काम होतं. दवाखान्याला निघालेल्या माणसाच्या गाडीला तो हिशेब लागू होत नाही.

तिला लंडनचा हिशेब लावावा. तिथली काळी टॅक्सी लांबून ओळखू येते ती 1958 च्या एफएक्स 4 या गाडीमुळे. कॉव्हेंट्रीजवळ अन्स्टीला बनणारी आजची टीएक्स तशीच दिसते. गोल दिवे आहेत, उभी जाळी आहे, फुगीर अंग आहे. पण पत्रा अॅल्युमिनियमचा, चाकं फिरवते ती विजेची मोटर, आणि पुढचं छोटं पेट्रोल इंजिन फक्त बॅटरी भरायला. जानेवारी 2018 पासून लंडनमध्ये नव्या टॅक्सीला धुराविना धावता येणं बंधनकारक झालं, त्यातून ही गाडी आली. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तिचं रूप हौसेनं ठरलेलं नाही, ते नियमांनी घडवलं आहे. अरुंद गल्लीत सुमारे 25 फुटांत गाडी वळली पाहिजे, हा तिथला जुना दंडक. सन 2000 पासून प्रत्येक टॅक्सीत चाकाची खुर्ची चढलीच पाहिजे. म्हणून टीएक्सचं मागचं दार उलट्या बाजूनं, थेट काटकोनात उघडतं, फळी गाडीतूनच बाहेर येते आणि माणूस खुर्चीसकट आत जाऊन पुढे तोंड करून बसतो. गाडीचं जुनेपण म्हणजे हे नियम, दिवे नव्हेत.

आता आमची काळीपिवळी. विदर्भात हा शब्द उच्चारला की मुंबईची टॅक्सी कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, जीप येते. कोंढ्याहून पवनीला, भंडाऱ्याला जाणारी हीच. मागून चढायचं, आडव्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, टपावर धानाची पोती. पायरी इतकी उंच की म्हातारी बाई आधी पिशवी वर टाकते, मग दांडा धरते आणि मग कुणाकडे तरी बघून म्हणते, “हात दे रे बापू.” ही गाडी माणसांसाठी कुणी आखलीच नाही. खडकाळ रस्त्याची चेसिस घेतली, वर बाक टाकले. मागच्या चाकांपर्यंत खालून दांडा जातो, म्हणून फरशी उंच. विजेच्या गाडीत मोटर चाकांजवळच बसवता येते आणि हा लांब दांडा निघतो. बॅटरी नीट बसवली तर फरशी खाली आणता येईल. ही सोय हातात आली आहे आणि आपण जाळीला क्रोम लावत बसलो आहोत.

भंडारा जिल्ह्यातच, गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये गिअरबॉक्स बनतात. मुंबईत धावणाऱ्या विजेच्या दुमजली बसगाड्या याच घराण्यातल्या स्विच कंपनीच्या. मोटरलाही वेग उतरवायला सहसा एक गिअर लागतो. मग काळीपिवळी भंडाऱ्यात का घडू नये? हे मी विचारत राहीन.

टीएक्स महाग आहे. तिथले चालकही किमतीपायी त्रासले आहेत, आणि सरकारनं टॅक्सीमागे एकेकाळी साडेसात हजार पौंडांपर्यंत मदत दिली होती, तरी त्रासलेच होते. आमचा गाडीवाला कर्जावर जीप घेतो, तो इतकं कुठून आणणार? म्हणून आधी गाडी नको, आधी नियम हवा. एमएच 36 ची, म्हणजे भंडाऱ्याची, नवी प्रवासी गाडी पासिंगला आली की निरीक्षकानं टेप काढून पायरी मोजावी. जमिनीपासून एक फुटाच्या वर असेल तर परवाना देऊ नये. पुढचा दिवा गोल आहे की चौकोनी, हे ज्याचं त्यानं बघावं.