विश्लेषण : शिवाजी पार्कवर सभेला परवानगी कोण देते? ४५ दिवसांचा नियम काय सांगतो?

दसरा किंवा निवडणूक जवळ आली की मुंबईत एक प्रश्न हमखास चर्चेत येतो : यंदा शिवाजी पार्क कुणाला मिळणार? दादरचे हे मैदान महापालिकेचे आहे, तरीही त्यावरचा वाद अनेकदा उच्च न्यायालयात जातो. असे का होते आणि सामान्य नागरिकांचा त्याच्याशी काय संबंध, हे समजून घेण्यासाठी आधी नियम पाहावे लागतात.

मैदान खेळाचे की सभांचे?

दोन्हींचे, आणि वादाचे मूळ तेच आहे. १९२५ साली लोकांसाठी खुले झालेले हे मैदान सुमारे २८ एकरांचे आहे. मुंबई क्रिकेटच्या अनेक पिढ्या इथे घडल्या. संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या सभा इथेच झाल्या आणि ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला दसरा मेळावाही इथेच झाला. मात्र नियोजनाच्या कायद्यानुसार ही जागा मनोरंजन आणि खेळासाठी आहे. सभा, मेळावे, प्रदर्शने हा तिचा तात्पुरता, वेगळा वापर ठरतो. त्यामुळे इतर कोणत्याही कार्यक्रमासाठी स्वतंत्र परवानगी लागते.

४५ दिवस आले कुठून?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा, १९६६ यातील कलम ३७-अ मैदानांच्या तात्पुरत्या वेगळ्या वापराला मर्यादित मुभा देते. त्याच्या आधारे राज्य सरकारने २० जानेवारी २०१६ रोजी शिवाजी पार्कसाठी शासन निर्णय काढला. वर्षातून ४५ दिवस मैदान खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांसाठी देता येईल, असे त्यात ठरले. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, महापरिनिर्वाण दिन यांसारख्या प्रसंगांबरोबर दसरा मेळाव्यासाठीही त्यात एक दिवस ठेवण्यात आला.

म्हणजे वर्षातले ३२० दिवस खेळणाऱ्यांचे आणि ४५ दिवस बाकी सगळ्यांचे. त्यातले बरेच दिवस ठरलेल्या कार्यक्रमांना जात असल्याने इतरांसाठी मोजकेच उरतात.

आवाजाचा मुद्दा कुठे येतो?

मैदानाच्या भोवती दाट वस्ती आहे. सभांच्या आवाजाविरोधात स्थानिक रहिवासी न्यायालयात गेले आणि मे २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. निवासी भागासाठी ती अनुक्रमे ५५ आणि ४५ आहे. हजारोंच्या सभेत ही मर्यादा पाळली जाणे अवघडच. त्यामुळे २०१० नंतर दसरा मेळाव्यासाठीही न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला.

२०१७ मध्ये केंद्र सरकारने या नियमांत बदल केला. राज्य सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र मानला जाणार नाही, अशी तरतूद आली. मात्र रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेत ध्वनिवर्धक न लावण्याचा नियम सर्वत्र लागू आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्री १२ पर्यंत वाढवू शकते. राजकीय सभेला ही सवलत नाही.

परवानगी कोण देते?

एकच कार्यालय नाही. मैदानासाठी अर्ज महापालिकेच्या जी उत्तर विभाग कार्यालयात करावा लागतो. ध्वनिवर्धक, बंदोबस्त आणि वाहतूक हे विषय पोलिसांकडे जातात. कायदा-सुव्यवस्थेबाबत पोलिसांचा अभिप्राय आल्यावर महापालिका निर्णय घेते. त्यामुळे मैदान एका यंत्रणेचे आणि नकाराचे कारण दुसऱ्या यंत्रणेचे, अशी स्थिती निर्माण होऊ शकते.

२०२२ मध्ये काय घडले?

शिवसेनेत फूट पडल्यानंतरचा तो पहिला दसरा. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाने २२ आणि २६ ऑगस्टला अर्ज केले. एकनाथ शिंदे गटाचे आमदार सदा सरवणकर यांनी ३० ऑगस्टला अर्ज केला. महापालिकेत मार्चपासून प्रशासक होता. निर्णय आला तो २१ सप्टेंबरला. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल या पोलिसांच्या अहवालावर बोट ठेवून महापालिकेने दोन्ही अर्ज फेटाळले. दसरा तेव्हा दोन आठवड्यांवर होता.

२३ सप्टेंबरला न्या. आर. डी. धनुका आणि न्या. कमल खाता यांच्या खंडपीठाने हा नकार रद्द केला. महापालिकेने अधिकाराचा गैरवापर केल्याचे न्यायालयाने म्हटले आणि ठाकरे गटाला ५ ऑक्टोबरच्या मेळाव्याची परवानगी दिली. पोलिसांनी कार्यक्रमाचे चित्रीकरण करावे आणि अर्जदारांमुळे गडबड झाल्याचे दिसले तर पुढच्या वर्षी परवानगी नाकारताना ते कारण धरता येईल, असेही बजावले. शिंदे गटाचा मेळावा वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर झाला.

'गडबड होईल' हे कारण पुरेसे नाही का?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ नुसार नागरिकांना शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. त्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंध घालता येतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादच्या हिम्मतलाल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यातला फरक स्पष्ट केला. वेळ, जागा आणि पद्धत यांचे नियमन सरकार करू शकते, पण कोणत्या आधारावर परवानगी नाकारायची हे न सांगता अधिकाऱ्याच्या मर्जीवर सगळे सोपवणारा नियम टिकणार नाही.

२०२२ च्या वादातही हाच मुद्दा होता. दोन गटांत तणाव असेल तर बंदोबस्त वाढवणे हे प्रशासनाचे काम. त्याऐवजी दोघांनाही नाकारले, तर ज्याला दुसऱ्याची सभा होऊ द्यायची नाही त्याला फक्त एक अर्ज करून वाद उभा करणे पुरेसे ठरते.

त्रुटी नेमकी कुठे?

नियमाने दिवस मोजले, पण निवड कशी करायची हे पुरेसे स्पष्ट केले नाही. एकाच दिवसासाठी दोन अर्ज आले तर आधी आलेल्याला प्राधान्य की परंपरेला? निर्णय किती दिवसांत द्यायचा? या प्रश्नांची उत्तरे आधीच लेखी आणि जाहीर असतील तर अधिकाऱ्यांवरचा दबावही कमी होईल.

उशीर हा इथे छुपा नकार ठरू शकतो. मंडप, वाहने, मंच यांची तयारी शेवटच्या आठवड्यात होत नाही. मोठा पक्ष दोन दिवसांत ज्येष्ठ वकील उभा करून न्यायालयात जाऊ शकतो. कामगार संघटना, वाचनालय किंवा महिला मंडळाला ते परवडत नाही. ते कार्यक्रमच रद्द करतात आणि त्याची बातमीही होत नाही.

दुसऱ्या बाजूला रोज सरावाला येणारी मुले, फेरी मारणारे ज्येष्ठ आणि धुळीला वैतागलेले रहिवासी आहेत. मंडपासाठी मैदानात खड्डे पडले की त्याचा त्रास सभा संपल्यावरही राहतो. ४५ दिवसांची मर्यादा त्यांच्यासाठीच आहे. त्यातले किती दिवस वापरले, कुणाला दिले, कोणाचा अर्ज का नाकारला आणि मैदान पूर्ववत झाले का, याची यादी महापालिकेने संकेतस्थळावर टाकली, तर त्यांनाही हिशेब विचारता येईल. तोपर्यंत माहिती अधिकाराचा अर्ज हा मार्ग कोणत्याही नागरिकाला खुला आहे.